मागच्या खोलीचं कुलूप

८ ऑक्टोबर

चि. सौ. भावजयीस,

आशीर्वाद. तुमच्या शेजारच्या कंपाउंडरांचं पत्र काल मिळालं. त्यातून मला कळलं की माझा सख्खा भाऊ वादळात शिडीवरून पडला आणि तेव्हापासून हॉस्पिटलात आहे. सख्ख्या बहिणीला ही बातमी एका परक्या माणसाने कळवावी, तीही खोकल्याच्या औषधाची जाहिरात छापलेल्या कागदावर. तुला दोन ओळी लिहायला सवड झाली नाही. कामात असशील.

फोन केला असता, पण तुमच्याकडचे खांब पडलेत म्हणतात. नसते पडले तरी आपलं फोनवर काय होतं ते दोघींना माहीत आहे.

कंपाउंडर लिहितात, 'वादळात शिडीवर चढले होते.' कशाला चढला होता, ते लिहीत नाहीत. म्हणून मी तुला विचारते. लोकांची झाडं मुळासकट पडत असताना माणूस शिडीवर चढतो कशाला? आणि त्याची बायको तेव्हा काय करत होती, चहा? आमच्या बाळला लहानपणापासून कोणी काही सांगितलं की तो उठून करतो, स्वतःचं डोकं चालवायची सवय नाही. म्हणून तर त्याच्या लग्नाच्या वेळी मी आईला म्हटलं होतं, याला डोकं असलेली मुलगी बघ. माझं कोण ऐकतं.

त्याच्या पाठीला नेमकं काय झालंय ते डॉक्टरांकडून लिहून घे आणि पाठव. तुझ्या शब्दांत नको.

मागच्या खोलीत पाणी शिरलंय का, तेही कळव. माझं सामान आहे तिथे. माझ्या कुलपाला कोणी हात लावू नये.

ताई


१३ ऑक्टोबर

ती. ताई,

नमस्कार. कामातच होते. यांच्या उशाशी बसायचं एक काम आहे आणि घरी जाऊन छप्पर नाही हे बघत बसायचं दुसरं.

डॉक्टर लिहून देत नाहीत, बोलतातही जेमतेम. तेव्हा माझ्याच शब्दांत गोड मानून घ्या. कमरेचं हाड मोडलंय, मणका दबलाय. ऑपरेशन झालं, आत लोखंडी पट्टी बसवलीय. उजवा पाय हलतो. डाव्या पायाला टाचणी टोचली तर यांना कळत नाही. पुन्हा चालतील का, असं विचारलं की डॉक्टर खिडकीबाहेर बघायला लागतात.

लाँड्रीचा पत्रा उचलला जात होता, तो बांधायला हे चढले. एवढंच. शिडी कंपाउंडरांनी धरली होती. मी चहा करत नव्हते, कपड्यांचे गठ्ठे आत ओढत होते.

लाँड्री गेली. पत्रे गेले, इस्त्रीच्या टेबलांवर वासे पडले, बॉयलर उभा आहे पण त्याच्याकडे बघवत नाही. लोकांचे कपडे गावभर झालेत. बँकेच्या मॅनेजरचा कोट शाळेच्या गच्चीवर सापडला, पँट अजून फरार आहे. गिऱ्हाइकं येतात, यांची चौकशी करतात, अरेरे म्हणतात आणि त्याच श्वासात विचारतात, "माझे चार शर्ट होते, त्यांचं काय?" एक महाशय तर हॉस्पिटलात भेटायला आले आणि यांच्या पायावरच्या चादरीकडे निरखून बघत म्हणाले, ही आमची तर नव्हे? मी म्हटलं, ओढून घ्या आणि नाव बघा. तेव्हा गेले.

राहत्या दोन खोल्यांची कौलं उडाली. भिंती आहेत, वर आकाश. अख्ख्या घरात तुमची मागची खोली तेवढी कोरडी आहे, कारण तुम्ही नोकरीला लागलात तेव्हा मामंजींनी फक्त तिच्यावर आणि तिच्या पुढच्या बोळावर स्लॅब टाकला होता. आत बघता येत नाही, पण दाराखालून पाण्याचा थेंब आलेला नाही.

म्हणून लिहिते. यांना घरी आणायचं तर त्याच खोलीत आणावं लागेल. पायरी नाही, शेजारी संडास-बाथरूम आहे. किल्ली पाठवा. तुमच्या सामानाला हात लावणार नाही. हात न लावता भिंतीकडे कसं सरकवायचं ते माझं मी बघेन.

आपली,
भावजय


१८ ऑक्टोबर

चि. सौ. भावजयीस,

आशीर्वाद. म्हणजे एका पत्र्यासाठी. माझ्या भावाचा पाय एका पत्र्यासाठी गेला, आणि पत्रा तरी राहिला का? तोही नाही. धन्य आहे तुमच्या संसाराची. पत्रा गेला असता तर नवा मिळाला असता, हे त्याला सांगायला घरात एक शहाणं माणूस नव्हतं.

माझी खोली कोरडी राहिली, यावरून तू काही शिकलीस का? जिथे कुलूप आहे, तिथे शिस्त आहे. बाकी घरात तुमचं सगळं सताड उघडं, गठ्ठे दारात, वायरी खाली लोंबतायत, खिडकीला दोरी बांधलेली. मी आले होते तेव्हा हे सगळं बोलले होते आणि तू तोंड वाकडं केलं होतंस. आता बोल.

किल्ली ही पोस्टाने पाठवायची वस्तू नाही. मी एवढं मोठं वसतिगृह सांभाळते, चाळीस खोल्यांच्या किल्ल्या माझ्या कमरेला असतात. एवढ्या वर्षांत मी किल्ली कोणाच्या टेबलावर ठेवून आले नाही, हातातून हातात देते. परीक्षा आटोपल्या आणि मुली घरी गेल्या की मी स्वतः येईन आणि स्वतः उघडीन. तोवर त्याला हॉस्पिटलात राहू दे. तिथे नर्स आहेत, तुझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं. घाईच असेल तर पुढच्या खोलीवर ताडपत्री घाला. लोक वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली राहतात.

त्याला म्हणावं ताई रोज आठवण काढते.

ताई


२३ ऑक्टोबर

ती. ताई,

नमस्कार. हॉस्पिटल हे तुमचं वसतिगृह नव्हे की मुलींच्या परीक्षा होईपर्यंत खोली राखून ठेवतील. वादळात जखमी झालेले लोक व्हरांड्यात जमिनीवर झोपलेत. येत्या शनिवारी यांना घरी न्या म्हणून सांगितलंय.

ताडपत्री घातली. ती आता कंपाउंडरांच्या अंगणात आहे.

नर्सना माझ्यापेक्षा जास्त कळतं हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे, म्हणून त्यांनी काय सांगितलं तेच लिहिते. यांना दर थोड्या वेळाने कुशीवर वळवायचं. त्याला खाटेच्या दोन्ही बाजूंना माणूस उभा राहायला हवा. जागा कोरडी हवी. नाहीतर पाठीला जखम होते, तिच्यात पू होतो आणि या अवस्थेत ती जखम माणसाला घेऊन जाते. पायाने नाही, पाठीच्या जखमेने माणसं जातात, असं मोठ्या नर्सने मला बाजूला घेऊन सांगितलं. समजलं ना आता मला खोली कशाला हवी आहे?

कंपाउंडर पहार घेऊन आले होते. म्हणाले, एका दणक्यात काम होईल. मी यांना विचारायला गेले. नाही म्हणाले. पाठीत लोखंड, नाकात नळी, आणि म्हणतात, "ताईचं कुलूप आहे. ताईला विचार." सासूबाई जाताना यांच्याकडून शब्द घेऊन गेल्या होत्या की ती खोली ताईची, ती म्हणेल तेव्हाच उघडायची. सासूबाई सुटल्या, हे अडकले. मला म्हणाले, तू कुलूप तोडलंस तर मी त्या खोलीत पाय ठेवणार नाही. कुठला पाय, असं तोंडावर आलं होतं, गिळलं.

म्हणून तुम्हाला विचारते आहे. नाहीतर मी कशाला विचारते. तुम्हाला यायला जमत नसेल तर किल्ली पाठवा. पोस्टावर विश्वास नसेल तर इकडे येणाऱ्या कोणाच्या हातात द्या.

आपली,
भावजय


३० ऑक्टोबर

चि. सौ. भावजयीस,

आशीर्वाद. तुझं पत्र वाचून मला मागचं आठवलं. तुझ्या माहेरची माणसं यायची होती, तेव्हाही तुला हीच खोली हवी होती, याच गोड शब्दांत. मी तेव्हाच ओळखलं होतं की माझ्या आईने दिलेली जागा तुझ्या डोळ्यांत सलते. आता त्याच्या आजारपणाचं निमित्त मिळालंय. आधी खाट जाईल, मग कपाट जाईल, मग माझ्या ट्रंका लाँड्रीच्या गठ्ठ्यांवर येतील, आणि मी रिटायर होऊन आले की मला म्हणशील, बसा ताई, बाकावर. मी काही काल जन्मलेले नाही.

आणि ती नर्स. नर्स घाबरवतातच, त्यांना खाट मोकळी करायची असते.

मला राहून राहून एकच वाटतं. जरा अक्कल असलेला माणूस वादळात बाहेर पडत नाही. तो घराच्या आत राहतो, दारं-खिडक्या आतून नीट लावून घेतो आणि वारा जायची वाट बघतो. शाळेतल्या पोरींनाही हे कळतं. तुमच्या घरात हे एकालाही सुचलं नाही, आणि त्याची शिक्षा माझ्या खोलीने भोगायची?

मी डिसेंबरात येईन. तेव्हा समोरासमोर बोलू.

ताई


४ नोव्हेंबर

ती. ताई,

खिडकी आतूनच लावायची होती.

हे पत्र यांना न सांगता लिहिते आहे. तुम्हाला कधीही कळवायचं नाही असं यांनी मला बजावलं होतं. कंपाउंडरांनाही. "ताईला कळलं तर ती स्वतःला खात बसेल." मी दोन पत्रं खोटं लिहिलं, पत्रा पत्रा केलं, तुमची बोलणी खाल्ली. पण तुमचं 'अक्कल असलेला माणूस' वाचलं आणि म्हटलं, बस झालं. तुम्हाला काय खायचंय ते खा.

हे लाँड्रीच्या पत्र्यासाठी चढलेच नव्हते. पत्रा गेला तेव्हा म्हणाले, जाऊ दे, जीव वाचला. आम्ही तिघं, म्हणजे आम्ही दोघं आणि कंपाउंडर, स्लॅबखाली बोळात येऊन बसलो होतो. तुमच्या दाराला टेकून. आणि तुमच्या खोलीतली खिडकी आपटायला लागली. कडी निसटली असेल, मग काच फुटल्याचा आवाज आला. वारा दाराखालून बोळात यायला लागला. हे उठून उभे राहिले. "ताईचं सामान भिजेल."

आत शिरून खिडकी लावायला किती वेळ लागला असता? दार उघडायचं, चार पावलं टाकायची, फळी लावायची. मी म्हटलं, तोडा कुलूप. कंपाउंडर म्हणाले, तोडा. हे म्हणाले, "ताईचं कुलूप तोडायचं नाही." आणि बाहेर गेले.

तुमची खोली आतून जमिनीलगत आहे. बाहेरून ती खिडकी नाल्याच्या उतारावर येते, दोन पुरुष उंच, खाली दगड. तुम्हीच लहानपणी तिथून वाकून यांना भीती घालायचात म्हणे. त्या खिडकीला शिडी लावली. इस्त्रीच्या टेबलाची फळी बगलेत धरून हे वर चढले आणि बाहेरून ठोकली. चांगली ठोकली. सगळे खिळे बसले. खाली उतरताना आमच्याच लाँड्रीचा पत्रा फिरत आला आणि शिडीला लागला.

म्हणून तुमची खोली कोरडी आहे, ताई. कुलपाने नाही राहिली.

शनिवारी यांना आणलं. बोळात ठेवलंय, तुमच्या बंद दारासमोर. दुसरीकडे वर छप्पर नाही. खाट भिंतीला चिकटून लागते, एकाच बाजूने वळवता येतं. पाठीवर रुपयाएवढा लाल डाग पडला होता, काल त्याची साल निघाली. हे अजूनही म्हणतात, ताई किल्ली पाठवेल, तू नीट लिहिलं नसशील. हे मी यापेक्षा नीट लिहू शकत नाही.

भावजय


१० नोव्हेंबर

चि. सौ. वहिनी,

सोबत किल्ली आहे. खोली उघड आणि त्याला आजच आत ने. सामान बाहेर टाकलंस तरी चालेल.

कुलूप जुनं झालंय. किल्ली लागली नाही तर तोड. मी तोडायला सांगितलं म्हणून त्याला सांग.

जखमेचं काय झालं ते लगेच कळव.

ताई


१६ नोव्हेंबर

ती. ताई,

नमस्कार. पत्र मिळालं त्याच दिवशी यांना आत नेलं. खाट मधोमध लावली आहे, दोन्ही बाजूंनी फिरता येतं. कंपाउंडर रोज येऊन मलमपट्टी करतात. जखम खोल गेलेली नाही, पण भरायला वेळ घेईल. मोठी नर्स येऊन बघून गेली, म्हणाली, आणखी आठवडा त्या बोळात काढला असता तर मी आले नसते, दुसरं कोणी आलं असतं. डावा पाय आहे तसाच आहे.

आता तुमच्या किल्लीचं.

ती कुलपात शिरलीसुद्धा नाही. मला वाटलं गंज असेल, तेल घातलं, फुंकलं, मग कुलूपवाल्याला बोलावलं. त्याने किल्ली तळहातावर घेतली आणि हसला. "बाई, ही कपाटाची किल्ली आहे. याच्याशी हिचा संबंध नाही." त्याचा आवाज बारीक नव्हता. हे पाठीमागे खाटेवर, मान वळवून बघत होते. मी मध्ये उभी राहिले.

तेव्हा मला सगळं लख्ख दिसलं. तुमच्याकडे किल्ली नाहीच. कधीची हरवली ते तुमचं तुम्हाला माहीत, पण माझी माणसं यायची होती तेव्हाही नव्हती, बरोबर? म्हणून तेव्हा आकाशपाताळ एक केलंत आणि तीन वर्षं बोलला नाहीत. किल्ली हरवली एवढं एक वाक्य म्हणायला तुम्हाला इतकं जड गेलं. चाळीस खोल्यांच्या किल्ल्या कमरेला लावून फिरणारी बाई, तिच्या हातून एक किल्ली हरवली हे धाकट्या भावजयीसमोर कसं कबूल करायचं? त्यापेक्षा भावजय जागा लाटते म्हणणं सोपं. मी पत्रामागून पत्र लिहीत होते, आणि तुम्ही मला पोस्ट, परीक्षा, ताडपत्री आणि डिसेंबर सांगत होतात. तिकडे तुमच्या बाळची पाठ सोलवटत होती. पन्नाशी उलटलेलं बाळ.

तुमच्या खोलीत काय निघालं तेही सांगते. एक खाट, एक टेबल, दोन ट्रंका, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या कपबश्या आणि एक बंद पडलेला पंखा. ट्रंका मी उघडल्या नाहीत, तो मोह मला कधीच नव्हता. खिडकीला बाहेरून आमची फळी ठोकलेली दिसते, तिच्यावर इस्त्रीचे डाग आहेत. आत एक थेंब आलेला नाही. यांना आत आणलं तसं पहिलं तेच विचारलं, सामान भिजलं का. नाही म्हटलं. समाधानाने डोळे मिटून पडून राहिले. त्या वेळी मला तुमच्यावर आणि यांच्यावर सारखाच राग आला. पंखा उचलून आपटावासा वाटला.

पण ऐका. कुलूपवाला हसला तेव्हा मी त्याच्या पायावर पाय दिला आणि मोठ्याने म्हटलं, "गंजलंय ना? फिरत नाही ना? ताईंनी तोडायला सांगितलंय." आणि यांना तुमच्या पत्रातली ती एक ओळ वाचून दाखवली. बाकीचं पत्र नाही. हे म्हणाले, "बघ, मी म्हटलं नव्हतं, ताई पाठवेल?" मग कुलूप तोडलं.

यांना कळता कामा नये. ज्या कुलपाला या जगात किल्लीच नव्हती, त्याचा मान राखायला आपण पाय घालवून बसलो, हे यांना कळलं तर पाठीची जखम भरून काही उपयोग नाही. पायाशिवाय हे जगतील, मी जगवीन. ताईवरच्या त्या विश्वासाशिवाय नाही जगणार. म्हणून मी खोटं बोलले, आणि आता तुम्ही बोलायचं आहे. मला कबुलीचं पत्र पाठवू नका, मी तिला काय इस्त्री करू? यांना तर चुकूनही लिहू नका. तुम्हाला रडायचं असेल, पाया पडायचं असेल, मन हलकं करायचं असेल, तर ते सगळं तिकडेच उरकून या. आयुष्यभर तुम्ही मला बोलत आलात, कोणी अडवलं नाही. आता हे एक तोंडात धरून ठेवा.

येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हे सांगतात की आमच्या ताईने स्वतःची खोली रिकामी करून दिली. डॉक्टरांना सांगितलं, शर्ट मागायला आलेल्या गिऱ्हाइकांना सांगितलं. काल कुलूपवाला पैसे न्यायला आला, त्यालाही सांगितलं. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे बघितलं, आणि तो म्हणाला, हो, नशीबवान आहात.

डिसेंबरात या. तुम्ही आलात की हे तुमचे आभार मानतील, चार लोकांत मानतील. तेव्हा मान खाली घालायची नाही आणि डोळ्यांतून पाणी काढायचं नाही. त्यात काय एवढं, असं म्हणायचं आणि मी दिलेला चहा प्यायचा.

आपली,
भावजय